झाकलेले कोंबडे

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही, ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. तिचा अर्थ सांगताना प्रत्येकाचे लक्ष असते ते तांबड्याकडे. सत्य दडपल्याने दडत नाही, सूर्य कोणाच्या परवानगीने उगवत नाही, असे आपण मुलांना समजावून सांगतो. परंतु डालग्याखाली झाकलेल्या त्या कोंबड्याचे काय होते, त्या अंधारात त्याला काय कळते, हा प्रश्न म्हण रचणाऱ्यांनी विचारला नाही आणि म्हण वापरणाऱ्या आम्हीही कधी विचारला नव्हता. अलीकडे त्याचे उत्तर मिळाले आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली असे दाखवून दिले की, कोंबड्यांना अष्टौप्रहर एकसारख्या मंद प्रकाशात ठेवले, तरी ते आपली वेळ साधून आरवतात. पहाटेची जाणीव त्यांच्या शरीरातच वसत असते. म्हणजे झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडे फुटणार हे ठाऊक असते. पुढे २०१५ साली याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांमध्ये पहिली बांग देण्याचा मान सर्वांत वरच्या पायरीवरील कोंबड्याचा असतो. बाकीचे त्याच्यामागून आपापल्या पायरीप्रमाणे आरवतात. आणि त्या पहिल्याला तेथून काढून नेले, तर दुसऱ्या पायरीवरचा त्याची जागा घेतो. ज्या आवाजाला आपण पहाटेचे घड्याळ समजत आलो, त्यात एका लहानशा समाजाची रीतभातही भरलेली असते.

कोंबडीच्या अकलेविषयी मनुष्यजातीचे मत काही फार चांगले नाही. शाळेत धडा न येणाऱ्या मुलाला कान धरून कोंबडा करण्याची शिक्षा ज्यांनी भोगली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. आमचेही मत असेच होते. ते बदलले, ते पुस्तकांमुळे नव्हे, तर आमच्या क्वार्टरच्या कुंपणापलीकडील एका अंगणामुळे. आम्ही भिलाईत जेथे राहतो, तेथे सेक्टर संपतो आणि एक जुने खेडे सुरू होते. त्या खेड्यातील एक बाई पंधरा-वीस कोंबड्या बाळगून आहे. तिच्या बोलीत कोंबडी म्हणजे कुकरी आणि कोंबडा म्हणजे कुकरा. छत्तीसगढ हा भाताचा मुलूख. येथे उखळाजवळ कण्या सांडणार आणि कण्यांभोवती कोंबड्या जमणार, हे दृश्य फार जुने आहे. कोंबडी माणसाजवळ आली तीच मुळी धान्याच्या ओढीने, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. थायलंडमधील बान नोन वाट येथे सापडलेली पाळीव कोंबड्यांची सर्वांत जुनी निश्चित हाडे इ. स. पूर्व १६५० ते १२५० या काळातील आहेत. तिचा पूर्वज जो तांबडा रानकोंबडा, तो छत्तीसगढच्या सालवनांत आजही आरवत असतो.

प्रथम प्रथम आम्हास त्या सर्व कोंबड्या एकसारख्याच दिसत. बाईला मात्र पाठमोरी असतानाही, कोणती कोंबडी कोठे केकाटली, हे सांगता येई. एक पावसाळा खिडकीशी बसून काढल्यावर आम्हासही थोडे कळू लागले. मानेवरची पिसे गेलेली एक म्हातारी होती. ती कण्यांजवळ आली की बाकीच्या वाट सोडीत. एक तांबडी होती. तिला म्हातारी टोची, पण ती दुसऱ्या आठ-दहाजणींना टोचू शके. बाजारातून एक नवी कोंबडी आणली गेली, तेव्हा दोन दिवस अंगणात मोठा गोंधळ उडाला. तिसऱ्या दिवशी सर्व शांत झाले, कारण नवीची पायरी ठरली होती.

हीच गोष्ट नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी शास्त्रीय परिभाषेत मांडली. लहानपणापासून तो कोंबड्यांचे निरीक्षण करून टिपणे ठेवीत असे. १९२०-३० च्या दशकाच्या आरंभी त्याचे लेख जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले, आणि कोणी कोणाला टोचावयाचे याची ठरलेली उतरंड जगाला कळली. ती उतरंड म्हणजे बळजबरीचाच एक प्रकार, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. कोंबड्यांचा समाज हा काही रामराज्याचा नमुना नव्हे. खालच्या पायरीवरील कोंबडीचे हाल कधी कधी पाहवत नाहीत. तथापि अशी उतरंड टिकावयास काय लागते, याचा विचार केला पाहिजे. दहा कोंबड्यांमध्ये पंचेचाळीस जोड्या होतात. यांतील प्रत्येक जोडीचा निवाडा कधी तरी एकदा झालेला असतो, आणि तो पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून प्रत्येकीने उरलेल्या नऊजणींचे तोंड ओळखून तिच्याशी आपले काय ठरले आहे हे लक्षात ठेवावे लागते. रोजच्या मारामारीऐवजी स्मृती उपयोगी आणणे, याला अक्कल म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे?

त्यानंतरच्या काळात अशा गोष्टींची बरीच मोठी यादी झाली आहे. कोंबड्यांच्या हाकांचे निरनिराळे प्रकार अभ्यासकांनी मोजले, ते दोन डझनांच्या आसपास भरले. आकाशात घार दिसली तर एक हाक, जमिनीवरून कोल्हा-कुत्रा आला तर दुसरी. आणि केवळ हाक ऐकून कोंबड्या पहिल्या वेळी अंग चोरून आडोशाला जातात, दुसऱ्या वेळी मान उंच करून पाहतात. घारीची सूचना देणारा कोंबडा, आपल्याजवळ कोणी आहे की नाही हे पाहूनच ती देतो, असे १९८० नंतरच्या दशकात प्रयोगांनी ठरले; एकटा असला तर तो बहुधा गप्प राहतो. किडा सापडला की तो स्वतः न खाता, चोचीने उचलून-टाकून, विशिष्ट स्वरात माद्यांना बोलावतो. चाणक्यनीतीने कोंबड्यापासून घ्यावयाचे म्हणून जे चार गुण सांगितले आहेत, त्यांत पहाटे उठणे आणि झुंजणे यांच्या जोडीला आप्तांत वाटून घेणे हाही एक आहे. त्या जुन्या निरीक्षकाची दृष्टी सूक्ष्म होती. मात्र त्याच्या ध्यानी न आलेली एक गोष्ट आता नोंदली गेली आहे: मादी दूर असली, म्हणजे काही खाण्याजोगे नसतानाही कोंबडा कधी कधी तीच साद घालतो. फसविणे हेही बुद्धीचेच काम आहे, हे माणसाला कोणी शिकवावयास नको.

पिलांची गोष्ट तर याहून नवलाची. अंडे फुटण्यापूर्वी शेवटच्या दिवसांत पिलू आतून चिवचिवते आणि उबवणारी कोंबडी त्याला उत्तर देते. म्हणजे आई आणि मूल यांची ओळख कवचाच्या आडूनच सुरू होते. इटलीतील संशोधकांनी २००९ साली तीन दिवसांच्या पिलांवर एक प्रयोग केला. जन्मापासून लहान चेंडूंच्या सोबतीत वाढलेल्या पिलांना ते चेंडूच आपले कुटुंब वाटू लागले. मग त्यांच्या देखत काही चेंडू एका पडद्याआड व काही दुसऱ्याआड ठेवले, आणि त्यांतून एकेक काढून इकडचे तिकडे केले. हा सगळा हिशेब मनात ठेवून पिले, ज्या पडद्याआड अखेरीस जास्त चेंडू उरले, तिकडे गेली. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात २०११ साली असे आढळले की, पिलांवर हवेचा हलका झोत सोडला असता, जवळ असलेल्या आईच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि ती पिलांना बोलावू लागते. स्वतः तिला काहीही झालेले नसते.

येथवर आल्यावर वाचक सहजच म्हणतील की, मग निष्कर्ष सरळ आहे. कोंबडी बुद्धिमान आहे, म्हणून तिच्याशी दयेने वागावे. आम्हास मात्र हा निष्कर्ष तितकासा सरळ वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

ग्रीक परंपरेत एक कथा आहे. प्लेटोने मनुष्याची व्याख्या केली, ती 'पिसे नसलेला द्विपाद प्राणी' अशी. ते ऐकून डायोजिनीस याने एक कोंबडा आणला, त्याची सर्व पिसे उपटली आणि तो प्लेटोच्या शिष्यांपुढे आणून म्हटले, हा पाहा तुमचा मनुष्य. कथेचे हसू अद्याप ओसरलेले नाही. पण त्या कोंबड्याचे पुढे काय झाले, हे ग्रंथकार सांगत नाही. मनुष्य आणि पशू यांच्यामध्ये व्याख्येची भिंत उभी करावयाची, ती कोसळली की दुसरी बांधावयाची, हा उद्योग तत्त्वज्ञांनी पुढेही चालू ठेवला. भाषा, गणना, स्मृती, परदुःखाची जाणीव, अशा एकामागून एक भिंती झाल्या. या प्रत्येक ठिकाणी कोंबडीने निदान चोच आत घातली आहे. परंतु परीक्षा घेणारे आम्ही, प्रश्न काढणारे आम्ही, आणि नापास झालेल्याला खाणारेही आम्हीच, अशी ही परीक्षा आहे. तिचा निकाल नीतीचा पाया होऊ शकत नाही. आपल्या घरात मंदबुद्धीचे मूल जन्माला आले, तर हुशार भावंडापेक्षा त्याच्या वाट्याला कमी माया यावी, असे कोणीही म्हणणार नाही. उलट त्याची अधिक काळजी घेतली जाते. मग परक्या जातीच्या जीवाला तेवढे, आधी गणित करून दाखव आणि मग दया माग, असे आपण कोणत्या तोंडाने सांगतो?

वर दिलेल्या माहितीचे महत्त्व आमच्या मते निराळे आहे. कोंबडी किती गुण मिळवते, हे तिच्यावरून ठरावयाचे नसून, तिचे जीवन कशावर उभे आहे, हे तिच्यावरून कळते. ते ओळखीवर उभे आहे. कवचाआडून आईचा आवाज ओळखणे, शेजारणीची पायरी ओळखणे, कोणत्या हाकेवर लपावे हे ओळखणे, एवढाच तिचा संसार आहे. तेव्हा तिला खावयास पुरेसे मिळाले आणि ती आजारी पडली नाही, म्हणजे तिचे सर्व झाले, असे मानता येत नाही. ओळखीवर जगणाऱ्या जीवाची ओळख काढून घेतली, तर त्याचे काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न भिलाईच्या माणसाला कळावयास जड जाऊ नये. सोव्हिएत देशाशी करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला, पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, आणि चार-पाच वर्षांत भातशेतीच्या जागी सर्व प्रांतांच्या लोकांचे एक गाव वसले. त्या गावात पत्ता म्हणजे सेक्टर, रस्ता आणि क्वार्टरचा क्रमांक. माणूस म्हणजे हजेरीपटावरील आकडा आणि पाळी. त्या पहिल्या पिढीतील मराठी मंडळींनी गणपती बसविला, हळदीकुंकू केले, मंडळ काढले, ते केवळ संस्कृती टिकविण्यासाठी, असे आपण भाषणात म्हणतो. खरे तर क्रमांकाला नाव मिळावे, रस्त्यात कोणी तरी थांबून विचारपूस करावी, एवढीच त्यांची गरज होती. पोट कारखान्याने भरले होते. जगणे ओळखीने सुरू झाले.

आता मोठ्या कुक्कुटपालनाच्या पडवीकडे पाहू. कळप फार मोठा झाला की टोचाटोचीची उतरंड टिकत नाही, असे अभ्यासकांना आढळले आहे. हजारो पक्ष्यांत कोणी कोणाला ओळखू शकत नाही. तुरा केवढा आहे, अंग केवढे आहे, एवढ्यावरूनच जो तो अंदाज बांधतो, आणि भांडणे उलट कमी होतात. यावरून कोणी म्हणेल की, गर्दीत कोंबड्या अधिक सुखी असतात. परंतु ही शांतता रेल्वे फलाटावरील रात्रीच्या शांततेसारखी आहे. तेथे कोणी कोणाशी भांडत नाही, कारण कोणी कोणाचे नसते. अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीची अवस्था आणखी वेगळी. तिच्या वाट्याला येणारी जागा टंकलेखनाच्या एका कागदाहूनही लहान असते. तीत तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, घरटे करता येत नाही. कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात, म्हणून ज्या चोचीच्या टोकाशी तिची स्पर्शाची जाणीव एकवटलेली असते, ते टोकच लहानपणी छाटले जाते. अंडी देणाऱ्या जातीत जन्मलेल्या नर पिलांचा तर धंद्याला उपयोगच नसतो. ती बहुधा पहिल्याच दिवशी मारली जातात. आणि मांसासाठी वाढविलेले पिलू यंत्रात उबते व पाच-सहा आठवड्यांत सुरीखाली जाते. अंगणातील पिलू त्या वयात नुकते कोठे आईपासून सुटे होऊ लागलेले असते. यंत्रातल्या पिलाला आई कधी दिसलेलीच नसते.

कायद्याने याची दखल घेतलेलीच नाही, असे नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात, जनावराला हालचाल करण्यापुरती जागा न देणाऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, हा अपराध मानला आहे. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल केवळ कोंबड्यांचे पालन व वाहतूक या विषयावर सादर केला. युरोपीय संघाने जुन्या पद्धतीचे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. परंतु कायदा शब्दांच्या मागून चालतो, आणि आपले शब्द पाहावेत. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूची भारतातील पहिली साथ आली आणि कोंबड्या लाखांनी मारल्या गेल्या. २०२१ च्या जानेवारीत ती आमच्या शेजारच्या बालोद जिल्ह्यात आली. रोग पसरू नये म्हणून ते करणे आवश्यक होते, याविषयी आमचा वाद नाही. पण अशा वेळी बातमीत पक्षी 'नष्ट केले' असे लिहिलेले असते. मेलेला बैल शेतकऱ्याचा मरतो. कोंबड्या नष्ट होतात. अंगणात जी 'ती' असते, ती पडवीत नग होते आणि दुकानात किलो होते.

या सर्वांवर एक मोठा आक्षेप आहे आणि तो आम्ही लपवू इच्छीत नाही. ज्या राज्यात बालकांचे कुपोषण हा जुना प्रश्न आहे, तेथे स्वस्त अंडे ही लहान गोष्ट नव्हे. २०१९ साली छत्तीसगढ शासनाने शाळेच्या मध्यान्ह भोजनात अंडी देण्याचे ठरविले, तेव्हा कबीरपंथी समाजाने विरोध केला आणि मोठा वाद झाला. एका बाजूस मुलांचे आरोग्य होते, दुसऱ्या बाजूस श्रद्धा. दोन्ही गंभीर गोष्टी. त्या वादात कोंबडीचे नाव आमच्या कानी तरी आले नाही. आदिवासी मुलाच्या ताटातील अंडे काढून घेऊन आमची सदसद्विवेकबुद्धी शांत करावी, असे आम्ही म्हणणार नाही. तो फार स्वस्त सौदा होईल. परंतु ज्यांचे ताट आधीच भरलेले आहे, त्यांना त्या मुलाच्या आड लपता येणार नाही. दर रविवारी दुकानापुढे रांग लावणारे आम्ही काही कुपोषित नव्हतो.

याच ठिकाणी त्या अंगणाकडे परत गेले पाहिजे. मागे एकदा आमच्याकडे नागपूरहून पाहुणे येणार होते. गावठी कोंबडी करावी, असे ठरले आणि आम्ही कुंपणाशी जाऊन बाईला विचारले. तिने दोन कोंबड्या दाखविल्या आणि भाव सांगितला. आम्ही तांबडीकडे बोट केले. बाई मान हलवून म्हणाली, "ये तो घर के आय." ही तर घरची आहे. आम्ही दुप्पट पैसे सांगितले. ती हसली, पण बोलली नाही. आता हीच बाई सणासुदीला, भाऊ आला म्हणजे, स्वतःच्या हाताने कोंबडी कापते, हे आम्ही पाहिले होते. तिला कोणी अहिंसेची उपासक म्हणणार नाही. पण कोणती कापावयाची आणि कोणती नाही, हे तिला ठरवावे लागते. तिला निवड करावी लागते, कारण ती त्यांना ओळखते. कापल्या दिवशी ती अंगणात फारसे बोलत नाही, हेही आमच्या लक्षात आले होते.

आम्ही तिने दाखविलेल्या दोन्ही घेतल्या नाहीत. का, हे त्या वेळी नीट सांगता आले नसते. बहुधा त्या दोघींनाही आम्ही आता ओळखत होतो, म्हणून. आम्ही सायकल काढली, सुपेल्याच्या बाजारात गेलो आणि दोन किलो मांस घेऊन आलो. तेथे 'ही घरची आहे' असे म्हणणारे कोणी नव्हते, त्यामुळे काम पाच मिनिटांत झाले. पाहुण्यांनी जेवणाची तारीफ केली. जिला ओळखत होतो तिला वाचविण्यासाठी जिला ओळखत नव्हतो तिला आणले, आणि मन हलके ठेवले, ही गोष्ट आम्हास पुढे कितीतरी दिवस खात राहिली.

बाईची हिंसा आणि आमची हिंसा यांत कोणती मोठी, हे कोंबडीच्या दृष्टीने पाहिल्यास सांगणे सोपे आहे. एकीने माती उकरली, आईमागून हिंडली, शेजारणींशी भांडली आणि मग मेली. दुसरीने यांतले काहीच केले नाही. मृत्यू दोघींचाही झाला. जीवन मात्र एकीलाच मिळाले होते. म्हणून मांस खावे की न खावे, या जुन्या वादात शिरण्यापूर्वी, खाणाऱ्यावर निदान एवढे ऋण आहे, असे आम्हास वाटते, की ज्याचा जीव घ्यावयाचा, त्याला आधी त्याच्या जातीचे जगणे मिळू द्यावे. पायाखाली माती, ओळखता येतील इतक्या सोबतिणी, आणि पिलाला काही दिवस तरी आई. याने कोंबडी महाग होईल. झाली तर ती कमी वेळा खाल्ली जाईल, आणि त्यात आमच्यासारख्यांचे काही बिघडणार नाही. आमच्या घरी रविवारचा नेम त्या पाहुण्यांनंतर मोडला तो मोडलाच. तो पुण्यासाठी मोडला नाही. रांगेत उभे राहिले की कुंपणापलीकडची ती मान हलविणारी बाई आठवते, एवढेच कारण आहे.

तांबडी अजून आहे. म्हातारी गेल्या हिवाळ्यात गेली, तेव्हापासून कण्यांजवळ पहिली तीच येते.